बर्फ खोटं बोलतोय

पुण्याच्या गाडीनं बर्फ आला आणि मुंबईच्या गाडीनं सुमनताई आल्या. दोन्ही गाड्या चिंचवड स्टेशनात पाच मिनिटांच्या अंतरानं, आणि उतरवून घ्यायला यशवंतराव एकटेच. त्यांनी आधी बर्फाकडे धाव घेतली. गोणपाटात गुंडाळलेली, भुशात लोळवलेली ती लादी हमालाच्या डोक्यावर चढवून मागं वळतात तर बाई पेटी हातात घेऊन समोर उभ्या.

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "मी वितळत नाही."

१९५७ सालचा एप्रिल होता. आठ वाजायच्या आतच पत्रे तापायला लागले होते. यशवंतरावांचं काचेचं वर्कशॉप स्टेशनापासून अर्ध्या मैलावर, एका लांबोड्या शेडमध्ये. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिल्यापासून त्यांच्याकडे नळ्या, ड्रॉपर, फ्लास्क अशी कामं येत. पुण्याच्या कॉलेजांचीही येत. माणूस हुशार, पण जीभ हातभर पुढे. कुणी काही विचारलं की "होऊन जाईल" म्हणून मोकळे. त्या 'होऊन जाईल'नंच हे सगळं ओढवलं होतं.

झालं होतं असं, की सुमनताई मुंबईच्या ज्या सरकारी कचेरीत समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करत, तिथं विलायतेहून खोल समुद्राचे थर्मामीटर आले होते. गेल्या दिवाळीत पेटी बंदरात उतरवताना दोरी सुटली आणि निम्मे फुटले. नवे मागवायचे तर परकीय चलनाची परवानगी, मग वर्षभर वाट बघा. आणि जहाज तर या एप्रिलअखेर निघणार! बाई दहा ठिकाणी फिरल्या. नऊ जणांनी हात जोडले आणि दहाव्यानं म्हणजे यशवंतरावांनी नेहमीचं वाक्य टाकलं.

आता खोल पाण्याची थंडी मोजायची म्हणजे काय गंमत आहे ती ऐका. साधा थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडला तर तळाशी तो खरंच सांगतो. पण वर येता येता कोमट पाण्यातून येतो आणि वाटेतच बोलणं फिरवतो. तुमच्या हातात पडतो तेव्हा त्याची साक्ष बदललेली असते. म्हणून या थर्मामीटरला खाली पोचल्यावर उलटा करतात. तारेवरून एक वजन सोडायचं, ते जाऊन आदळलं की थर्मामीटर कोलांटी मारतो. उलटा झाला की आतला पाऱ्याचा धागा एका अरुंद जागी तुटतो आणि तुटलेला तुकडा दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. मग त्याला वर आणा, डेकवर उन्हात धरा, आकडा तळाचाच राहतो. उन्हाची थोडी वजावट करायची, एवढंच. वर्कशॉपात सगळे त्याला 'कोलांट्या' म्हणत आणि त्या अरुंद जागेला 'नरडं'.

खरी मेख त्या नरड्यात. धागा दर वेळी तिथंच, केसभरही इकडेतिकडे न होता तुटला पाहिजे. कारण तळाच्या पाण्यात फरक असतो तोच मुळी अंशाच्या शंभराव्या हिश्शाचा. तो चुकला तर जहाज घेऊन जायचंच कशाला?

ते नरडं फुंकायचं काम सयाजीचं. सयाजी भोईर चिंचवडचाच, शेतकऱ्याच्या घरातला. पोरवयात तळेगावच्या काच कारखान्यात गेला आणि काचेच्या नादी लागला तो लागलाच. आता पस्तिशीला आला होता. अंगानं पैलवान, आणि बोटं मात्र शेवया वळणाऱ्या बाईसारखी. डिसेंबरात सुमनताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यानं त्यांना एकच प्रश्न विचारला होता.

"बाई, समुद्र किती परस खोल आसंल?"

विहिरीची खोली परसात मोजायची, ही गावाची रीत. एक परस म्हणजे एक पुरुष उंची. बाईंनी ते विचारून घेतलं, मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "आम्ही मोजणार तिथं पावणेदोन हजार परस."

सयाजीच्या मळ्यातली विहीर सात परस होती आणि तिच्यात डोकावताना तो काठ घट्ट धरायचा. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. पावणेदोन हजार परस खाली, जिथं उजेड नाही, माणूस नाही, तिथं आपल्या हातची एक काडीएवढी काच जावी आणि खरं बोलून परत यावी! एवढी एकच इच्छा त्यानं धरली. यशवंतराव चिडवायचे, "सयाजी, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

पहिले तीन कोलांटे नरड्यात बिघडले. चार नंबरचं नरडं झकास साधलं, तो फक्त बर्फात शून्याच्या वर तीन शतांश दाखवायचा. पण दर वेळी तीनच, त्यामुळे ते चाललं असतं. नेमका त्याच्या बाहेरच्या जाड काचेत बुडबुडा राहिला. समुद्राच्या दाबाखाली तो अंड्यासारखा चिरडला असता. तो बाद. पाच फुटला, सहा यशवंतरावांच्याच कोपरानं फुटला आणि त्या दिवशी सयाजी जेवला नाही. मग सात नंबर. त्याची काच सयाजीनं तीन आठवडे भट्टीत हळूहळू निववली होती. दाबाची परीक्षा तो आठवड्यापूर्वीच पास झाला होता. आज शेवटची, तापमानाची. बाईंना चार चाळीसच्या गाडीनं परत जायचं होतं, आणि जहाज सहा दिवसांनी.

"आज पास झाला तर ठीक," यशवंतराव सकाळीच सयाजीला बाजूला घेऊन म्हणाले होते. "नाहीतर हे थर्मामीटरचं बाक बंद. उद्यापासून ड्रॉपर. समजलं?"

"व्हय," सयाजी म्हणाला. त्याला न समजायला काय झालं!

परीक्षा सुरू झाली. लाकडी टबात बर्फाचा चुरा घातला, बाईंनी तो स्वतः शुद्ध पाण्यानं दोनदा धुतला, मग वर तसलंच पाणी ओतलं. गळ्यात भिंग अडकवलेलं, पदर खोचलेला, आणि कुणाशी एक अवांतर शब्द नाही. सात नंबर बर्फात दहा मिनिटं बसला. बाईंनी कळ दाबून त्याला उलटा केला, बाहेर काढला, भिंग लावलं, वजावट केली.

"शून्य."

पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा कोलांटी. "शून्य." तिसऱ्यांदा शून्यावर एक शतांश. चौथ्यांदा शून्य, पाचव्यांदा शून्य. सयाजीच्या कपाळावरचा घाम भुवयांत उतरला तरी त्याला पुसायचं भान नव्हतं. मग दुसऱ्या टबात दहा अंशांचं पाणी झालं, वीस अंशांचं झालं, तीस अंशांचं झालं. बाईंनी मुंबईहून आणलेल्या प्रमाण थर्मामीटरशी सात नंबर असा जुळत गेला, जशी जुळी भावंडं शाळेच्या रांगेत उभी.

साडेबाराला बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "यशवंतराव, इतक्या नेमक्या नरड्याचा थर्मामीटर मी विलायती मालातही पाहिला नाही हो. जेवणानंतर पुन्हा एकदा पाच वेळा बर्फ. गरम पाण्यातून आलेला थर्मामीटर शून्यावर परततो का, ते बघायचं. तेवढं झालं की पास."

शेडमध्ये एकच गलका उठला. बबनराव, म्हणजे पलीकडच्या बाकावरचा म्हातारा फुंक्या, त्यानं सयाजीच्या पाठीत असा धपाटा घातला की सयाजीला ठसका लागला. तेवढ्यात सयाजीची बायको सुभद्रा रोजच्यासारखी भाकरी घेऊन आली. तिला दारातच सगळ्यांनी बातमी सांगितली. मागच्या सावलीत पंगत बसली. यशवंतरावांनी तर बाईंना सांगूनही टाकलं, की पुढच्या वर्षी असे पन्नास होऊन जातील.

दीडला सात नंबर पुन्हा बर्फात गेला. दहा मिनिटं झाली. कोलांटी. भिंग.

बाईंनी भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं. वजावट पुन्हा केली.

"शून्याखाली सहा शतांश."

"काय म्हणता?" यशवंतराव म्हणाले.

पुन्हा दहा मिनिटं. ती दहा मिनिटं कशी गेली ते सयाजीलाच ठाऊक. शून्याखाली सहा. तिसऱ्यांदाही सहा.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सयाजीला जास्त लागलं. "काच कच्ची राहिली. गरम पाण्यात फुगली ती परत मूळ जागी बसली नाही. असं होतं. पण असा थर्मामीटर मी जहाजावर देऊ शकत नाही. आज सहा, उद्या किती, कुणी सांगावं?"

यशवंतराव मटकन स्टुलावर बसले. बबनरावानं पागोटं काढून हातात घेतलं. सयाजी मात्र टबाकडे बघत उभा राहिला. तीन आठवडे निववलेली काच त्यानं दर रात्री झोपेतसुद्धा बोटांनी चाचपली होती. ती कच्ची? त्याला आपल्या अक्षराची खात्री नव्हती, पाढ्यांची नव्हती, पण या काचेची होती.

"बाई," तो म्हणाला, "काच पक्की हाय. बर्फच खोटं बोलतोय."

यशवंतराव उसळले. "नाचता येईना अंगण वाकडं! अरे, बर्फ म्हणजेच शून्य! सगळ्या जगानं तेच शून्य मानलंय, आणि हे चिंचवडचे पाटील म्हणतात बर्फ खोटा! हात जोड बाईंना."

बाईंनी यशवंतरावांकडे पाहिलंही नाही. "कशावरून?" त्यांनी सयाजीला विचारलं. रागानं नव्हे, खरंच विचारलं.

आता आली का पंचाईत! कशावरून, हे सयाजीलाही ठाऊक नव्हतं. त्याला नुसतं आतून वाटलं होतं. आणि मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो धावत कोपऱ्यात गेला, पेंढ्याच्या टोपलीत हात घातला आणि बाद झालेला चार नंबर काढून आणला.

"ह्यो बगा. ह्यो हमेशा तीन वर दावतो. मागल्या म्हैन्यात तुमीच लिवून घेतलंया. आन् ह्यो आज गरम पाण्यात गेलाच न्हाई. टाका बर्फात. तीन वर आला तर माजा सात नंबर खोटा, म्या हात जोडतो. न्हाई आला, तर—"

"तर बर्फ खोटा," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी घड्याळात पाहिलं. दोन वाजून गेले होते. "टाका!"

चार नंबर बर्फात गेला. सगळे टबाभोवती गोळा झाले, जणू आतून काही जन्माला यायचं होतं. यशवंतरावांनी दोनदा "काय वेडेपणा" म्हटलं, पण तेही सगळ्यांत पुढं येऊन वाकले होते. दहा मिनिटं. कोलांटी. बाईंनी भिंग लावलं आणि या वेळी वजावट मोठ्यानं केली.

"शून्याखाली... तीन."

"म्हंजी सहा खाली आला!" सयाजी ओरडलाच. "तीन वरून तीन खाली! दोगं बी सहाच!"

"दोन्ही काचा एकाच दिवशी, एकाच मापानं चुकणार नाहीत," बाई भराभर बोलू लागल्या. "चूक टबात आहे. सकाळी नव्हती, आता आहे. पण बर्फ शून्याखाली जातो केव्हा? त्यात काही मिसळलं तर! बर्फाच्या कारखान्यात लाद्या मिठाच्या पाण्यात गोठवतात, तिथून काही... नाही, मी धुतला होता. आणि सकाळी तर हाच बर्फ—"

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत सयाजीनं टबात ओंजळ घातली आणि घोट घेतला. जिभेवर घोळवला. विहिरीच्या पाण्यावर वाढलेला माणूस. कुठल्या विहिरीचं पाणी आहे ते डोळे मिटून सांगणारा.

"मचूळ हाय," तो म्हणाला.

बबनरावानं घोट घेतला. "व्हय की! मचूळच."

मचूळ म्हणजे खारट नव्हे. पण गोडही नव्हे. बाईंनी चमचाभर जिभेवर घेतलं, त्यांना काही कळेना. मुंबईच्या नळाचं पाणी पिणाऱ्या माणसाला कसं कळणार? पण त्यांनी पेटीतून एक बाटली काढली, टबातलं पाणी एका नळीत घेतलं आणि बाटलीतले दोन थेंब सोडले. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"मीठ!" बाई म्हणाल्या. "यशवंतराव, अंगण खरंच वाकडं निघालं. पण हे मीठ आलं कुठून? जेवायच्या वेळेला आत कोण होतं?"

यशवंतरावांचे डोळे बबनरावाकडे गेले, बबनरावाचे हमालाकडे. सयाजीला मात्र एकाएकी मागच्या दाराकडे बघावंसं वाटलं. सुभद्रा अजून घरी गेली नव्हती. भाकरीचं फडकं हातात चुरगाळत ती चौकटीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"सुभद्रे?"

"म्या केलं," ती म्हणाली.

"काय केलंस?"

सुभद्रा भोसरीची. एरवी चार बायकांत आवाज चढवून बोलणारी, पण आता खाली बघत हळू बोलली. "समदी कवतिक करत व्हती. बाई म्हनाल्या, विलायती मालात बी आसा न्हाई. आन् सहा वेळला मोडलं व्हतं ह्यांचं. म्हनलं, कुनाची तरी नजर लागंल. मंग तुमी जेवाया बसला तवा म्या आत आले आन् त्या काचंवरनं दिष्ट काडली. मोहऱ्या न्हवत्या, कैरीसंगं आनलेलं मीठ तेवढं व्हतं. सात डाव उतारलं. इस्तवात टाकायचं, तर त्यो तुमचा काच तापवायचा भडका बगून भ्या वाटलं. म्हून पाण्यात सोडलं. पाण्यात इरगाळलं तरी बी दिष्ट जाती, आमच्यात तसंच करत्यात." आणि मग तिला रडू कोसळलं. "मला काय ठावं, त्येला एवढुसं मीठ बी कळतंया!"

यशवंतरावांनी कपाळावर हात मारायला तो वर नेला, पण तो तिथपर्यंत पोचलाच नाही, कारण सुमनताई हसत होत्या. सकाळपासून मोजून शब्द बोलणारी ती बाई तोंडावर पदर धरून अशी हसत होती की तिला स्टुलाचा आधार घ्यावा लागला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा! एवढुसं मीठही कळतं! अहो, त्यासाठीच तर एवढा खटाटोप चाललाय! रडू नका. इकडे या. किती मीठ टाकलंत?"

"येवढंच." सुभद्रानं पाच बोटं जुळवून दाखवली.

"तेवढंच पुन्हा घ्या बरं."

फडक्याच्या गाठीत उरलेलं मीठ होतं. सुभद्रानं डोळे पुसले, पाचही बोटांत मीठ उचललं आणि बाईंनी पुढं केलेल्या काट्याच्या पारड्यात सोडलं. नऊ ग्रॅम. बाईंनी पारडं रिकामं केलं. "पुन्हा." नऊ ग्रॅमला एक कण कमी. "पुन्हा." नऊ ग्रॅम.

बाई आता हसत नव्हत्या. त्या काट्याकडे बघत होत्या आणि मग सुभद्राच्या हाताकडे. "हे कसं काय जमतं तुम्हाला?"

"रोज कालवणात टाकते की," सुभद्रा म्हणाली. "कमीजास्त झालं तर ह्येच ताट सरकीवत्यात."

सयाजीनं खाली बघितलं. बबनराव खो खो हसला. पण बाई केव्हाच वहीत शिरल्या होत्या. टबातलं पाणी त्यांनी गाळून मापायला लावलं. नऊ लिटरला थोडं जास्त भरलं. मधल्या वेळात वितळलेल्या बर्फाची वजावट केली. लिटरमागं ग्रॅमभर मीठ असलं की बर्फ किती खाली उतरतो, तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. पेन्सिल सरसर चालली. सयाजी वाकून बघत होता. त्याला त्या आकडेमोडीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी पेन्सिलीच्या वेगावरून काय ते समजत होतं.

"साडेपाच ते साडेसहा शतांश खाली यायला पाहिजे होतं," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या थर्मामीटरनं सांगितलं सहा. अहो, तो चुकला नव्हता! टबभर पाण्यातलं चिमूटभर मीठ त्यानं पकडलं, आणि मी त्याला कच्चा म्हटलं!"

"मग पास?" यशवंतराव उडी मारून उठले. त्यांच्यात जीव परत आला होता. "मी म्हणतच होतो!"

"नाही," बाई म्हणाल्या. "हिशेब जुळला म्हणून मी पास करत नाही. पाचदा नाही तर निदान एकदा तरी शून्य मला डोळ्यांनी बघायचंय. स्वच्छ बर्फ पाहिजे."

सगळे गोणपाटाकडे धावले. तीन वाजायला आले होते, आणि एप्रिलचं ऊन काही कुणाची कदर करत नाही. भुशात नारळाएवढा एक गोळा उरला होता. पुण्याहून दुसरी लादी यायची तर संध्याकाळ. बाईंनी तो गोळा उचलून शुद्ध पाण्याखाली धरला, तसा तो आणखी लहान झाला. सयाजीनं रुंद तोंडाचा एक फ्लास्क आणला, बबनरावानं स्वच्छ फडक्यात बर्फ कुटला. "जपून!" यशवंतराव ओरडत होते, "जपून!" आणि तेच सगळ्यांत जास्त लगबग करत होते. सुभद्रा मात्र दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून चार हात लांब उभी राहिली.

सात नंबर फ्लास्कात उतरला. भोवती बर्फ जेमतेम त्याच्या पाऱ्याच्या फुग्याला झाकेल एवढा. बाहेरून सयाजीनं ओलं गोणपाट गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी नव्हे, तर हातांची ऊब लागू नये म्हणून दोन लाकडी पट्ट्यांनी ते धरून बसला. पाच मिनिटं. बर्फ खचायला लागला. सात मिनिटं. पाण्यावर चुरा तरंगू लागला. बाई घड्याळ बघत होत्या, सयाजी बर्फ बघत होता. दहा मिनिटं झाली तेव्हा आत मूठभर बर्फ शिल्लक होता.

कोलांटी. भिंग. वजावट.

शेडमध्ये भडक्याचासुद्धा आवाज नव्हता; कुणीतरी तो बंद केला होता. बाईंनी भिंगावरचा डोळा काढला नाही. म्हणाल्या, "सयाजीराव, तुम्ही बघा."

सयाजीराव! आयुष्यात त्याला कुणी राव म्हटलं नव्हतं. त्यानं भिंग घेतलं. पाऱ्याचं टोक शून्याच्या रेघेजवळ चकाकत होतं. बाईंच्या वजावटीइतकं सरकलेलं, ना कमी ना जास्त.

"शून्य," तो म्हणाला.

"शून्य," बाई म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

मग जी धांदल उडाली! थर्मामीटर कापसात, कापूस पेटीत, पेटी बाईंच्या मांडीवर, बाई टांग्यात, आणि टांग्यापुढं "बाजूला व्हा" ओरडत धावणारे यशवंतराव. गाडी सुटली तेव्हा सयाजी फलाटावर उभा होता. त्याला आनंदानं काय करावं ते कळेना. शेवटी त्यानं बबनरावाच्या पाठीत दुपारचा धपाटा परत केला.

मग मे गेला, जून गेला. जहाजाची काही बातमी नाही. सयाजी ड्रॉपर फुंकत होता, फ्लास्क फुंकत होता. कधी मध्येच हात थांबायचा आणि तो काळजीत पडायचा. विलायती थर्मामीटरांच्या जोडीला आपला एकटा. तिथं काही झालं, तर तिथं पट्टीचे साहेब लोक, आणि आपल्या बाजूनं बोलायला कोण? इथं निदान टबातलं पाणी चाखून तरी बघता आलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. पाकिटावर यशवंतरावांचं नाव होतं, पण आत पहिलीच ओळ होती, 'हे सयाजीरावांना वाचून दाखवावे.' यशवंतरावांनी बाकापाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं.

बाईंनी लिहिलं होतं, की जहाजावर दर खोलीला दोन थर्मामीटर जोडीनं सोडतात. एके ठिकाणी, तीन हजार मीटरवर, जोडी होती एक विलायती आणि एक सात नंबर. वर आल्यावर विलायतीनं आणि सात नंबरनं वेगवेगळं सांगितलं; पाच शतांशांचा फरक. जहाजावर वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं, देशी बाद करा. बाई मुंबईतच होत्या; जहाजावरच्यांनी बिनतारी संदेशानं तिकडं विचारलं, कोणता धरायचा? 'माझ्यासमोर ना जहाज होतं, ना थर्मामीटर,' बाईंनी लिहिलं होतं. 'वरिष्ठांनी विचारलं, कशाच्या भरवशावर सांगता? मी म्हणाले, त्याला एकदा मी खोटं ठरवलं होतं आणि तो खरा होता. मी उलट संदेश पाठवला, सात नंबर धरा.'

पुढं आणखी होतं. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी जोडीतला विलायती बदलून दुसरा लावला, तेव्हा तो सात नंबरशी शतांशाला शतांश जुळला. पहिल्याच विलायतीच्या नरड्यात खोट निघाली. हे सगळं यशवंतराव वाचत होते, पण सयाजी मागंच राहिला होता.

"मालक, त्ये पुन्हा वाचा."

"कोणतं?"

"धरा म्हनल्यात त्ये."

"सात नंबर धरा," यशवंतरावांनी वाचलं. आणि आश्चर्य म्हणजे त्यापुढं स्वतःचं काही जोडलं नाही.

सयाजी बाकावरून उठला आणि भर कामातून तडक घरी निघाला. सुभद्रा परसदारी जोंधळे पाखडत होती. त्याला अवेळी, डोळे लाल झालेला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"काय झालं? मोडला का काय?"

"सात नंबर धरा म्हनाल्या बाई," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हंजी समुद्रात साहेबाचा येगळं सांगत व्हता आन् आपला येगळं. बाईंनी आपल्याला खरं धरलं. समोर न्हवतं काय, बगितलं न्हाई, चाखलं न्हाई. तरी बी."

एवढं सांगून तो तिच्याशेजारी जोंधळ्यांच्या राशीजवळ खाली बसला.